रोज एक लेखक फाडायचा: वर्षभर वापरलेल्या कॅलेंडरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू उशिरा येतोय कारण वस्तूच अशी आहे की ती वापरून संपायला अख्खं वर्ष लागतं. २०२५ च्या १ जानेवारीला फोडलं आणि ३१ डिसेंबरला शेवटचं पान फाडलं, त्यामुळे बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देऊन मोकळं होणाऱ्यातला हा प्रकार नाही. वस्तू काय, तर टेबलावर ठेवायचं, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. प्रत्येक पानावर एक लेखक, त्या तारखेला जन्मलेला नाहीतर गेलेला, त्याच्याबद्दल आठ-दहा ओळी आणि खाली एखादं वाक्य त्याच्या तोंडचं (किंवा तोंडी घातलेलं, त्यावर येते पुढे). इंग्रजीत आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असली कॅलेंडरं बऱ्याच जणांची येतात आणि आतला माल थोड्याफार फरकानं सारखाच असतो, तेव्हा कुठलंही घ्यायचं असेल तरी हे वाचून उपयोग व्हावा.

वस्तू म्हणून आधी उरकून टाकते. कागद बरा आहे, बॉलपेननं लिहिलं तर फुटत नाही, शाईपेननं फुटतो. अक्षर बारीक पण वाचता येतं. वरच्या कडेला गोंद आहे आणि पान सरळ निघतं, सुरुवातीचे दोन आठवडे सोडले तर कोपरा मागे राहिला नाही. स्टँड मात्र प्लास्टिकचा आणि तकलादू, जुलैत त्याचा मागचा पाय मोडला, तिथून पुढे गठ्ठा जाड्या शब्दकोशाला टेकवून ठेवला. आणि मोठी फसगत म्हणजे बॉक्सवर 'रोज एक लेखक' लिहिलंय पण शनिवार-रविवारला मिळून एकच पान आहे. म्हणजे ३६५ नाही, ३१३ पानं. हे बॉक्सच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते मी घरी आल्यावर वाचलं, चूक माझीच. पण यामुळे ८ नोव्हेंबरचा ब्रॅम स्टोकर आणि ९ नोव्हेंबरचा तुर्गेनेव्ह एकाच पानावर कोंबलेत, शेअर रिक्षात बसल्यासारखे. आणि ९ नोव्हेंबरलाच इक्बालही जन्मले, त्यांना तर उभं राहायलाही जागा नाही.

वापरायची पद्धत अशी पडली की सकाळी निघायच्या गडबडीत आदल्या दिवसाचं पान फाडायचं, नवीन वाचायचं, मोठ्यानं वाचायचं म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही ऐकावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "आई, यात जिवंत माणसं घेतच नाहीत का?" मी तोवर लक्षच दिलं नव्हतं. खरंच घेत नाहीत फारशी. त्या ८ नोव्हेंबरलाच काझुओ इशिगुरो जन्मलेत, १९५४ साली, नोबेल मिळालेला माणूस, लिहिता माणूस, पण जागा मिळाली ड्रॅक्युलावाल्याला.

आता चांगलं काय ते सांगते, आणि चांगलं बरंच आहे. सगळ्यात छान पानं ती, ज्यात लेखक थोर वगैरे सांगत न बसता तो त्याचा साधा दिवस कसा घालवायचा ते सांगितलंय. २४ एप्रिलचं अँथनी ट्रॉलपचं पान मी अजून जपून ठेवलंय. हा माणूस पोस्टात नोकरीला, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा ते साडेआठपर्यंत, समोर घड्याळ, आणि दर १५ मिनिटांत २५० शब्द झालेच पाहिजेत असा स्वतःलाच दंडक. असं करत करत एकूण ४७ कादंबऱ्या, त्यातल्या बऱ्याच नोकरी सांभाळून. एखादी कादंबरी वेळेच्या आत संपली तर दुसरा कोरा कागद घेऊन पुढची सुरू. गंमत म्हणजे हे सगळं त्यानं आत्मचरित्रात खरं खरं लिहून ठेवलं, ते तो गेल्यावर १८८३ मध्ये छापलं गेलं आणि वाचक चक्क नाराज झाले, की हा काय कारखाना आहे का. लोकांना लेखक कसा, तर वेडापिसा होऊन रात्री-बेरात्री लिहिणारा पाहिजे असतो. मी पण घड्याळ लावून बसले एक दिवस. १५ मिनिटांत ६० शब्द झाले आणि त्यातले वीसेक खोडले. असो.

डिकन्सला दोन पानं आहेत. ७ फेब्रुवारीला जन्माचं, त्यात लहानपण: वडील कर्जापायी तुरुंगात, १८२४ साल, पोरगा १२ वर्षांचा, बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायला. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. दुसरं ९ जूनचं पान मात्र मला नवीन होतं. १८६५ च्या ९ जूनला तो फ्रान्सहून परतताना स्टेपलहर्स्टजवळ त्याची गाडी रुळावरून घसरली, पुढचे डबे पुलावरून खाली, दहा माणसं गेली, त्याचा डबा कसाबसा अडकून लोंबकळत राहिला. तो बाहेर पडला, जखमींना पाणी पाजत फिरला आणि मग आठवलं की चालू कादंबरीचं हस्तलिखित कोटाच्या खिशात, कोट डब्यात. परत चढला आणि घेऊन आला. आणि बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० ला गेला, हातातली कादंबरी अर्धी टाकून. तारखेचा योगायोग म्हणून हे पान छान आहेच, पण मला त्यातलं ते परत चढणं आवडलं. त्या दिवशी ऑफिसला जाताना डोक्यात तेच, की आपण कशासाठी परत चढलो असतो. लॅपटॉपसाठी तरी नाही.

अजून एक मजेशीर पान २७ फेब्रुवारीचं, जॉन स्टाइनबेक, जन्म १९०२. १९३६ मध्ये त्याच्या कुत्र्याच्या पिल्लानं, नाव टोबी, एका लघुकादंबरीचं जवळजवळ अर्धं हस्तलिखित फाडून चिंध्या केल्या. दोन महिन्यांचं काम. दुसरी प्रत नाही. त्यानं बसून परत लिहिलं. म्हणजे 'गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला' हे कारण जगात एकदा तरी खरं ठरलेलं आहे. मुलीनं हे पान शाळेत नेलं, परत आणलं नाही. पण ते नंतर.

आता वाईट काय. पहिलं म्हणजे कॅलेंडर बनवणाऱ्यांनी तारखाच धड तपासल्या नाहीत, आणि तारीख हाच तर तुमचा धंदा ना. २३ एप्रिलचं पान, जागतिक पुस्तक दिन, युनेस्कोनं १९९५ पासून ठरवलेला, तिथे ठळक अक्षरात की शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस दोघंही १६१६ साली एकाच दिवशी वारले. नाही हो. सर्व्हांटिस २२ ला गेला आणि २३ ला पुरला अशी नोंद धरतात, हे एक. आणि दुसरं, स्पेननं तोवर नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं, १५८२ मध्येच, आणि इंग्लंड १७५२ पर्यंत जुनंच चालवत होतं, दोघांत तेव्हा दहा दिवसांचा फरक. म्हणजे इंग्लंडचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनचा ३ मे. दोघांच्या जाण्यात चांगले दहा-अकरा दिवस. एक कॅलेंडरवाला कॅलेंडरच्याच घोळात पडतो याला काय म्हणावं. शिवाय त्याच पानावर शेक्सपिअरचा जन्मही २३ एप्रिलचा म्हणून छापलाय, तर जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची.

दुसरं, खालची वाक्यं. २१ जुलैला हेमिंग्वेच्या पानावर ती सहा शब्दांची लहान मुलांच्या बुटांची गोष्ट, जी प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कधी ना कधी आलेली असते. ती हेमिंग्वेनं लिहिल्याचा काही पुरावा नाही, त्या धर्तीचा मजकूर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १९१० च्या सुमारासच येत होता, तेव्हा हा गडी अकरा वर्षांचा. फॉरवर्ड करणाऱ्याला आपण सोडून देतो, पण छापून विकणाऱ्यानं तरी बघावं की. मार्क ट्वेनच्या मरणाच्या बातमीबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्यही तिखटमीठ लावून मोठं केलेलं, मुळात त्यानं १८९७ मध्ये पत्रकाराला दिलेला मजकूर साधा होता, माझ्या मरणाची बातमी ही अतिशयोक्ती होती एवढाच. आणि तो साधाच जास्त हसवतो. नंतर नंतर मी खालची वाक्यं वाचायचीच सोडली.

तिसरं जरा खोल आहे. काफ्काचं पान, ३ जुलै. नेहमीचंच, बिचारा कारकून, रटाळ विमा ऑफिसात पिचलेला, कुणी विचारत नव्हतं. अरे पण तो कायद्याचा डॉक्टरेट माणूस, कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत १९०८ ला लागला, दुपारी दोनला सुटायचा, बढत्या घेत घेत वर गेला. लाकूड रंधण्याच्या यंत्रात कामगारांची बोटं जायची, ती वाचावीत म्हणून त्यानं १९१० मध्ये चित्रांसकट रिपोर्ट लिहिला. आणि ऑफिसला तो इतका हवा होता की पहिल्या महायुद्धात त्यांनी अर्ज करून त्याला सैन्यातून सूट मिळवून दिली. नोकरीनं तो वैतागायचा हे खरं, पत्रांत डायरीत भरपूर आहे, पण वैतागणं वेगळं आणि नालायक असणं वेगळं. मी स्वतः नोकरी करते म्हणून मला हे जास्त लागलं असेल. कॅलेंडरला लेखक दुःखी दाखवायचा असतो, मग बोटं वाचवणारा रिपोर्ट गाळावाच लागतो.

बरं आता आपल्या माणसांचं. अख्ख्या ३१३ पानांत भारतीय मोजून चार: टागोर, प्रेमचंद, आर. के. नारायण आणि अनिता देसाई. मराठी शून्य. मी काही अस्मितेचा झेंडा घेऊन बसणाऱ्यातली नाही, परदेशी कॅलेंडर आहे, त्यांनी कुठून आणायचं. पण झालं असं की २७ फेब्रुवारीला ते स्टाइनबेकचं पान वाचताना आपसूक मनात आलं की आज कुसुमाग्रज. १९१२. पेन हातातच होतं, पान पालटून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. आणि मग ते पान मुलीनं शाळेत नेलं आणि हरवलं, म्हणजे कुसुमाग्रज पण गेले स्टाइनबेकबरोबर. तेव्हापासून पानं द्यायची बंद केली, फाडलेलं प्रत्येक पान खणात.

त्या दिवसापासून या कॅलेंडरचा माझ्यापुरता उपयोगच बदलला. मागची बाजू संपूर्ण कोरी आहे, आणि मी सांगते, या वस्तूतलं सगळ्यात चांगलं फीचर ते आहे, बॉक्सवर कुठे लिहिलेलं नाही. मी खणातून आधीची पानं काढली आणि मागे जाऊन भरायला लागले. १० फेब्रुवारी, पुढे बोरिस पास्तरनाक, १९५८ मध्ये नोबेल जाहीर झालं, आधी आनंदानं तार केली आणि मग सरकारच्या दडपणाखाली नाकारावं लागलं. मागे मी लिहिलं दुर्गा भागवत, जन्म १९१०. १९७५ मध्ये आणीबाणी चालू असताना कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणि तिथे व्यासपीठावरून उघड बोलल्या. पुढे पद्मश्री आणि ज्ञानपीठ, दोन्ही नाकारलं, आणि ते कुणी दडपण आणलं म्हणून नाही. एकाच कागदाच्या दोन बाजूंना नकार देणारे दोघं, एकाला नाकारायला लावलं आणि एकीला कुणाच्या बापाला घ्यायला लावता आलं नाही. हे जुळवून आणलेलं नाही, तारखाच तशा आहेत.

मग नादच लागला. १२ जून: पुढे अ‍ॅन फ्रँक, १९४२ च्या याच दिवशी तेराव्या वाढदिवसाला तिला ती वही मिळाली. मागे पु. ल., २००० साली याच तारखेला गेले. त्या दिवशी मागे नाव आणि साल सोडून काहीच लिहिलं नाही, दोन्ही बाजू एका वेळी डोक्यात मावेनात. २ सप्टेंबर: पुढे टॉल्किन गेले १९७३, मागे खांडेकर, १९७६.

आणि १० जुलै! हे पान मी दहा जणांना तरी दाखवलं असेल. पुढे मार्सेल प्रूस्त, १८७१. आवाज नको म्हणून झोपायच्या खोलीच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचे तक्ते लावून घेतले, दिवसा झोप, रात्री अंथरुणातच लेखन. त्याच्या भल्यामोठ्या कादंबरीचा पहिला भाग प्रकाशकांनी परत पाठवला तेव्हा १९१३ मध्ये पदरमोड करून छापला. त्याच पानावर तळाला एका ओळीत अ‍ॅलिस मन्रो, १९३१, आयुष्यभर कथाच लिहिल्या आणि २०१३ मध्ये नोबेल. आणि मागे कोण? जी. ए. कुलकर्णी, जन्म १० जुलै १९२३. कथाच लिहिणारे, माणसांत न येणारे, काळ्या चष्म्याआडचे, धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. म्हणजे एका तारखेला दोन एकांतवाले आणि दोन कथावाले, आणि दोन्हीकडे मोजले जाणारे एकटे जी. ए. शिवाय दोन्ही एकांतवाल्यांनी पत्रं किती लिहावीत! प्रूस्तची हजारोंनी, आणि जी. एं.नी सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचं तर पुस्तकच आहे. माणूस टाळायचा पण पाकीट नाही. ज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण त्या दिवशी पाच मिनिटं बसला होता.

१८ जुलैला थोडी चिडलेच. पुढे जेन ऑस्टिन, १८१७ ला गेली. पान सुंदर केलंय, तिचं ते खिडकीशेजारचं छोटं टेबल, कुरकुरणारं दार, ज्याला तेल घालू द्यायची नाही कारण कुणी आलं की आवाजानं कळायचं आणि कागद लपवता यायचे (ही आठवण तिच्या पुतण्यानं फार नंतर लिहिलेली, पण ठीक आहे, घरातली गोष्ट आहे). जिवंत असेपर्यंत एकाही पुस्तकावर नाव नाही, पहिल्यावर नुसतं 'एका बाईकडून'. मी पान पालटलं आणि लिहिलं अण्णा भाऊ साठे, १८ जुलै १९६९. शाळा दीड दिवसाची. लहानपणी वडिलांबरोबर गावाकडून मुंबईपर्यंत पायी. १९५९ ची ती गाजलेली कादंबरी, 'फकिरा', बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण. जेनचं टेबल तरी ठेवलंय कुणीतरी जपून म्युझियममध्ये. अण्णा भाऊ कशावर टेकून लिहीत असतील हा विचार आला आणि मागच्या बाजूची जागा संपली. चिडले कुणावर ते मलाही नीट सांगता येणार नाही, कॅलेंडरवर तर नाहीच.

आणि मग हळूहळू तिसराच एक हिशेब सुरू झाला, आणि माझ्या मते हीच या कॅलेंडरची खरी उणीव आहे, मराठी नसण्यापेक्षा मोठी. यात लेखक आहेत पण लेखकाचं लिखाण ज्यांच्यामुळे आपल्यापर्यंत आलं ती माणसं नाहीत. एकदा हे दिसायला लागलं की दर दुसऱ्या पानावर दिसतं. ७ मे, टागोर, गीतांजली, नोबेल १९१३, सगळं आहे. पण आदल्या वर्षी लंडनच्या भुयारी रेल्वेत ती इंग्रजी वही असलेली बॅग मुलगा रथींद्रनाथ विसरला होता आणि रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात ती परत मिळाली, हे त्यानंच आठवणीत लिहिलंय, ते पानावर नाही. त्या ऑफिसात कुणीतरी माणूस असेलच ना, ज्यानं ती फळीवर नीट ठेवली. मागच्या बाजूला मी लिहिलं 'फळीवाला'.

काफ्काच्या पुण्यतिथीचं पान आहे ३ जूनला, त्यात 'एका मित्राला सगळं जाळायला सांगितलं होतं'. एका मित्राला! अहो त्याचं नाव मॅक्स ब्रोड. त्यानं जाळलं नाही, १९२५ पासून एकेक कादंबरी छापत गेला आणि १९३९ मध्ये नाझी प्रागमध्ये शिरले तेव्हा ते कागद सूटकेसमध्ये भरून निसटला. ११ नोव्हेंबरला दोस्तोएव्हस्की, २६ दिवसांत कादंबरी लिहिल्याचा पराक्रम. पण त्यानं ती लिहिली नाही, सांगितली. लिहून घेतली २० वर्षांच्या अ‍ॅनानं, स्टेनोग्राफर, ऑक्टोबर १८६६. मुदत चुकली असती तर प्रकाशक त्याचं पुढचं नऊ वर्षांचं लिखाण फुकट छापायला मोकळा होता. पुढच्या फेब्रुवारीत दोघांनी लग्न केलं. पानावर अ‍ॅनाचं नाव नाही, जुगाराचा उल्लेख दोनदा. १० डिसेंबरला एमिली डिकिन्सन, जवळजवळ १८०० कविता, हयातीत छापल्या जेमतेम दहा, बाकीच्यांतल्या कितीतरी हातानं शिवलेल्या चाळीस वह्यांत. त्या वह्या कुणाला सापडल्या? लॅव्हिनिया, बहीण. पत्रं जाळ असं एमिलीनं सांगितलं होतं, ती तिनं जाळली, कवितांबद्दल काही सांगितलं नव्हतं म्हणून त्या ठेवल्या आणि छापायच्या मागे लागली, १८९० मध्ये पहिलं पुस्तक आलं. मागच्या बाजूला लॅव्हिनिया, ठळक.

या सगळ्याचं टोक म्हणजे ३ डिसेंबर. एवढी गर्दीची तारीख वर्षात दुसरी नसेल. जोसेफ कॉनरॅड जन्मला १८५७, पोलिश आणि फ्रेंचनंतर विशीत शिकलेल्या इंग्रजीत मोठा लेखक झाला. स्टीव्हन्सन सामोआ बेटावर गेला १८९४. आणि १९२६ मध्ये याच रात्री अगाथा ख्रिस्ती घरातून नाहीशी झाली, गाडी सोडून दिलेली सापडली, ११ दिवस अख्खा इंग्लंड शोधत होता आणि बाई हॅरोगेटच्या हॉटेलात नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव लावून राहिलेली. कॅलेंडरनं अर्थातच अगाथा घेतली, मीही तीच घेतली असती. पान वाचताना घरात सगळे थांबले.

मग पान पालटलं. ३ डिसेंबर १९५१, बहिणाबाई चौधरी गेल्या. मी लिहायला घेतलं आणि थांबले, कारण हे पुस्तकांचं कॅलेंडर आहे आणि ही बाई लिहू-वाचू शकत नव्हती. ट्रॉलपचं घड्याळ नाही, जेनचं टेबल नाही, प्रूस्तची खोली नाही. जात्यावर, शेतात, हात कामात आणि ओव्या तोंडात. लिहून घेतल्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं, मिळेल तेवढ्या. त्या गेल्यावर ते कागद अत्र्यांपुढे गेले, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे लॅव्हिनिया, अ‍ॅना, ब्रोड, तो फळीवाला, ज्यांची नावं मी वर्षभर मागच्या बाजूला भरत होते ते सगळे इथे एका सोपानदेवात. आणि किती ओव्या तशाच पिठाबरोबर गेल्या असतील ते कोण मोजणार. त्या पानावर मी दोन नावं लिहिली, आईचं आणि मुलाचं, एकाच ओळीत.

आता ज्याच्यासाठी लोक रिव्ह्यू वाचतात ते. यामुळे वाचन वाढतं का? माझं वाढलं, पण कॅलेंडर म्हणतं तसं नाही. ३१३ पानांतून मी उठून पुस्तक हातात घेतलं असं सात वेळा झालं. त्यातली पाच पुस्तकं घरातलीच, कपाटात मागच्या रांगेत धूळ खात पडलेली. जी. ए. परत काढले, दुर्गाबाई परत काढल्या, ट्रॉलप पहिल्यांदा वाचला (हळू आहे, पण पन्नासेक पानांनंतर घर करतो). एवढा हिशेब मला पुरेसा वाटतो. उलट धोकाही सांगते: रोज आठ ओळी वाचून आपल्याला सगळे लेखक माहीत आहेत असं वाटायला लागतं. मार्चमध्ये एका ठिकाणी मी एका कवीबद्दल तावातावानं बोलत होते आणि मधेच लक्षात आलं की त्याची एकही कविता मी वाचलेली नाही, फक्त तो कसा मेला ते माहीत आहे. गप्प बसले.

कुणी घ्यावं: घरात शाळा-कॉलेजातलं पोर असेल तर जरूर, पण पानं फाडून फेकू देऊ नका. वाचणाऱ्या माणसाला भेट म्हणून द्यायलाही छान, सोबत एक पेन द्या. ज्यांना लेखकाचा संदर्भ म्हणून वापरायचंय त्यांनी लांब राहा, निबंधात तारीख घालायच्या आधी दुसरीकडे बघून घ्या. आणि घेताना दोन गोष्टी तपासा, शनिवार-रविवार वेगळे आहेत का आणि मागची बाजू कोरी आहे का. काही कंपन्या मागे कोडी आणि क्विझ छापतात, तसलं असेल तर ठेवून द्या. मार्क पाचपैकी साडेतीन, त्यातला एक पूर्ण मार्क कोऱ्या बाजूचा.

यंदाचं नवीन घेतलं नाही. जुन्याच पानांचा गठ्ठा तारखेनं लावला, मोठा क्लिप मारला आणि शब्दकोशाला टेकवला, ज्या पानामागे मी काही लिहिलंय ते उलटं लावते. आज १० फेब्रुवारी, म्हणजे पास्तरनाक आणि छापील तारीख शब्दकोशाकडे तोंड करून, दुर्गाबाई माझ्याकडे. मगाशी मुलीनं विचारलं आज तारीख काय, तर कॅलेंडर समोर असून मोबाईल बघावा लागला.